तळघरात शेगडी? नको रे बाबा!

डिसेंबर उजाडला की पेपरात ती यादी यायला लागते. पुणे जिल्ह्यातलं किमान तापमान! शिवाजीनगर इतकं, पाषाण इतकं, एनडीए इतकं... आणि त्याच यादीत शिरूर आणि दौंड. पुण्यातली मंडळी चहाचा घोट घेत ती वाचतात, 'वॉव, काय सॉलिड थंडी पडलीये' म्हणतात आणि वीकएंडचं बुकिंग बघायला लागतात. आम्ही शिरूरकर मात्र आधी आपल्या गावाचा आकडा शोधतो. तो एक अंकी असला की समजायचं, आज ऑफिसात मोजे काढायचे नाहीत.

हो हो, ऑफिस! आणि तेही शिरूरमध्येच. आठवड्यातले दोन दिवस खराडी आणि बाकीचे तीन दिवस इथे, असं सध्या माझं चाललंय. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तारुण्य घालवण्यापेक्षा आम्ही तिघांनी मिळून पुणे-नगर रस्त्यालगतच्या एका कॉम्प्लेक्सचं तळघर भाड्याने घेतलंय. वर हार्डवेअरचं दुकान, खाली आम्ही. इंटरनेट फास्ट, चहावाला हाकेच्या अंतरावर, आणि भाडं एवढंसं की खराडीत कुणाला सांगायची सोय नाही. भानगड एकच. ओल. आणि त्या ओलीबरोबर येणारी ती खास तळघरी थंडी, जी स्वेटरला अजिबात भीक घालत नाही.

मग काय, एक हीटर घेऊन टाकू! तुम्हीही हेच म्हणाल. कुठला घ्यायचा, एवढाच तर प्रश्न. पण त्या एवढ्याशा प्रश्नाच्या मागे लागल्यावर जे काही कळत गेलं, ते तळघरात, पोटमाळ्यावर किंवा बंद केबिनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. कारण यात चुकीची निवड म्हणजे नुसतं वाढलेलं बिल नाही. जिवाशी गाठ आहे.

काकांची ऑफर

पहिली ऑफर आली घरमालक काकांकडून. त्यांचं मंगल कार्यालय आहे. "अगं पोरी, नवीन कशाला घेताय? लॉन्सवर लग्नात लावतो ना, तो छत्रीवाला गॅस हीटर पडून आहे. घेऊन जा. सिलिंडर लावला की झालं." फुकट! माझे दोघेही पार्टनर लगेच टेम्पो ठरवायला निघाले होते.

आता हा छत्रीवाला हीटर बनवलेलाच असतो मुळी उघड्यावरच्या वापरासाठी. त्याला खाली न्यायचा म्हणजे सिलिंडरही खाली न्यायचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. स्वयंपाकघरात गळती झाली तर खिडकी-दार उघडल्यावर तो वाहून जाण्याची शक्यता असते. तळघरात तो जाणार कुठे? पाण्यासारखा जमिनीलगत साचून राहणार. आणि हवेत दोनेक टक्के मिसळला की एक ठिणगी बास. स्विच दाबला, फ्रिज सुरू झाला, काहीही. जमिनीच्या पातळीखाली सिलिंडर ठेवायचा नाही, हा नियम उगाच नाही केलेला.

पण मला खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. गॅस जळला की पाणी तयार होतं! शाळेत ते समीकरण आपण सगळ्यांनीच घोकलेलं असतं आणि परीक्षा संपल्यावर विसरलेलं असतं. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलोहून थोडं जास्तच पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं. धुराडं नसलेल्या हीटरमधून ही सगळी वाफ तिथेच राहते आणि रात्री थंड भिंतीवर जाऊन बसते. म्हणजे ओल घालवायला आणलेला हीटर रोज तांब्याने पाणी ओतणार. रॉकेलच्या हीटरचंही तेच.

काकांना हे सांगितल्यावर ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "मग कोळशाची शेगडी ठेवा. त्यात कुठे पाणी असतंय?" खरं आहे. कोळशात पाणी जवळजवळ नसतंच. पण त्याच्यात जे असतं, त्याची गोष्ट दौंडला घडली.

निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून...

माझी एक मैत्रीण दौंडची. घरचा जुना दगडी वाडा, खाली तळघर. पूर्वी तिथे धान्य असायचं, आता तिचं ड्राफ्टिंगचं काम चालतं. आर्किटेक्ट लोकांसाठी ड्रॉइंग्ज करून द्यायची. दोन मुली हाताखाली, तीन कॉम्प्युटर, एक प्लॉटर. जानेवारीत सकाळी बोटं इतकी गारठायची की माऊस धरवेना. वरच्या मजल्यावरून आजीने प्रेमाने शेगडी पाठवली. निखारे छान लालबुंद, धुराचा पत्ता नाही. जिन्याच्या तळाशी ठेवली, वरचं दार लोटून घेतलं. काय ऊब आली म्हणता!

तीन-चार दिवसांनी एक मुलगी म्हणाली, "ताई, डोकं दुखतंय." मग दुसरी. मैत्रिणीला स्वतःला मळमळायला लागलं. मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करून झाला, अॅसिडिटीची गोळी घेऊन झाली, 'व्हायरल चाललंय सगळीकडे' हेही म्हणून झालं. रविवारी मात्र तिघी ठणठणीत! सोमवारी दुपारी पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नाडी बघायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "तिथे बसणाऱ्या सगळ्यांचंच दुखतं का? आणि बाहेर पडलं की थांबतं का?" हो म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "खाली काही पेटवता का?"

संपलं. कोडं सुटलं.

कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही. धूर निदान खोकला तरी काढतो, आपल्याला हाकलून देतो. निखारे मात्र अगदी सभ्य असतात. धूर गेला, आता शेगडी आत न्यायला हरकत नाही, असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात, आणि नेमकं तिथेच सगळं फसतं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणजे छातीत हवा येत असते, पण रक्ताच्या गाडीत सगळ्या सीट आधीच भरलेल्या. हवेच्या दहा लाख भागांत याचे ४०० भाग झाले तर एक-दोन तासांत डोकं ठणकायला लागतं. १६०० झाले की वीस मिनिटांत गरगरतं, मळमळतं, आणि एक-दोन तासांत माणूस संपू शकतो. तोवर हातपाय इतके गळालेले असतात की दार दिसत असूनही उठता येत नाही.

आणखी एक गोष्ट. २०२०-२१ मध्ये आपण सगळ्यांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले. ते अजून ड्रॉवरमध्ये पडलेले असतील. मैत्रिणीनेही लावून बघितला होता, ९८! म्हणजे सगळं ओके? नाही ना. साधा ऑक्सिमीटर रक्ताचा लाल रंग बघतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही तसंच लाल, त्यामुळे मशीन मस्तपैकी फसतं. खरं चित्र रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळतं, आणि ती तपासणी डॉक्टरांना सुचावी म्हणून 'आम्ही बंद खोलीत शेगडी लावली होती' हे वाक्य आपणच बोलायला लागतं. उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-सहा तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तासात ते काम होतं.

मैत्रीण आणि तिच्या दोघी मुली सुटल्या, कारण दौंडच्या वाड्याचं दार जुनं आहे आणि फटींतून वारा येतो. सगळ्यांचं नशीब असं नसतं. जानेवारी २०२० मध्ये केरळचे काही पर्यटक नेपाळमधल्या दामन इथे फिरायला गेले होते. थंडी म्हणून रिसॉर्टच्या खोलीत गॅस हीटर लावला, दारं-खिडक्या बंद केल्या आणि झोपले. त्या एका खोलीतले आठ जण गेले. त्यात चार लहान मुलं होती. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या तर तुम्ही वाचलेल्याच असतील. कारण तेच.

पेवातला दिवा

आजीला मात्र हे पटेना. तिचं म्हणणं अगदीच अडाणी नव्हतं हं. ती म्हणाली, "आमच्या माहेरी पेव होतं. पेवात उतरायच्या आधी कंदील सोडायचा. विझला तर उतरायचं नाही, जळत राहिला तर खुशाल उतरायचं. तुमच्या तळघरात दिवा जळत होता ना? मग?"

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. 'पेव फुटलं' असं आपण येता-जाता म्हणतो, ते हेच पेव. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच. बंद पेवात धान्य श्वास घेत राहतं, ऑक्सिजन संपवतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. झाकण काढून थेट उतरलेला माणूस खालीच कोसळायचा, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. म्हणून तो कंदील. जुन्या माणसांचा हा फंडा एकदम शास्त्रशुद्ध होता.

पण फक्त पेवापुरता! ऑक्सिजन बराच कमी झाला तरच ज्योत विझते. शेगडीच्या खोलीत ऑक्सिजन भरपूर शिल्लक असतो, दिवा आनंदाने जळत असतो. कार्बन मोनॉक्साइडचे १६०० भाग म्हणजे टक्क्यात किती? ०.१६! एवढ्याशाने ज्योतीचा केसही वाकडा होत नाही. आजीला हे आम्ही तिच्याच भाषेत सांगितलं : पेवातला गारदी दिव्याला घाबरतो, शेगडीतला घाबरत नाही. तिने थोडा वेळ विचार केला आणि शेगडी अंगणात नेऊन ठेवली. (तळघराचा झरोका अंगणातच उघडतो, हे लक्षात आल्यावर ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली. शेगडी, आजी नाही. मग आजीही.)

तसं बघितलं तर मला आगीचा राग नाहीये. दौंड तालुक्यात केडगावच्या बाजूला भल्या पहाटे गुऱ्हाळावर गेलात तर चुलवणाच्या धगीला बसून गरम गूळ चाखण्यासारखं सुख नाही. पण तिथे भिंती नसतात, आणि डोक्यावर असतं ते नुसतं पत्र्याचं छप्पर.

थंडी नव्हतीच, ओल होती!

गॅस बाद, कोळसा बाद. राहिली वीज. मी ऑनलाइन हीटर बघत बसले होते, तेवढ्यात पार्टनरने कुठूनसं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र आणलं. आणि सगळा खेळच पालटला. बाहेर सकाळी ९ अंश असताना आमच्या तळघरात होते चक्क २० अंश! म्हणजे खाली वरच्यापेक्षा ऊब होती. जमिनीत काही फूट खाली गेलं की तापमान वर्षाच्या सरासरीच्या आसपास राहतं, आपल्या या पट्ट्यात पंचविशीच्या जवळपास. मग आम्ही कुडकुडत का होतो? कारण यंत्राचा दुसरा आकडा, आर्द्रता ८० टक्के. भिंत ओली, फरशी ओली, आणि ते पाणी सतत वाफ होत भिंतीची, फरशीची उष्णता ओढून घेत होतं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने आम्ही गार होत होतो. आम्ही माठात बसलो होतो!

आता जरा हिशेब करा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट उष्णता लागते. ओल्या तळघरात हीटर लावला तर पहिली ऊब आपल्याला नाही, भिंतीला मिळते. दोन किलोवॅटचा हीटर आठ तास चालवला तर दिवसाला १६ युनिट. त्यातला मोठा वाटा आपण भिंतीतलं पाणी उकळल्यासारखा घालवणार. म्हणून हीटर शेवटी. आधी पाणी.

पाणी येतंय कुठून, हे शोधायची एक साधी युक्ती. प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्या, भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस विसरून जा. प्लास्टिकच्या मागे दव धरलं तर पाणी भिंतीतून झिरपतंय. वरच्या बाजूला धरलं तर ते खोलीतल्या हवेतलं. आमच्याकडे मागे धरलं. मागच्या भिंतीला लोणा होताच, पोपडे हाताने निघत होते. दौंडच्या मैत्रिणीचं तर आणखी इंटरेस्टिंग. तिची भिंत पावसाळ्यात एकवेळ बरी, पण ऐन थंडीत पाझरायची. का? तर त्याच दिवसांत रब्बीचं आवर्तन सुटतं. खडकवासल्याचं पाणी कालव्याने दौंडपर्यंत येतं, आसपासच्या विहिरी चढतात, आणि तिच्या वाड्याच्या तळघराला ते आपसूक कळतं. शिरूरकडे चासकमानच्या कालव्याला लागून असलेल्या घरांनाही हा अनुभव नवा नसेल. वर आपली काळी माती, एकदा भिजली की आठवडेच्या आठवडे पाणी धरून बसणारी.

यावर पक्का इलाज म्हणजे बाहेरून वॉटरप्रूफिंग. तो मालकाचा खर्च, भाडेकरूचा नाही. काकांनी निदान गच्चीच्या पाण्याचा पाइप भिंतीपासून लांब नेला आणि दुकानामागची तुंबलेली गटार साफ करून घेतली. एवढ्यानेही बराच फरक पडला. मैत्रिणीला मात्र कुणीतरी 'आतून सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट मारा' असा सल्ला दिला होता. दगड-चुन्याच्या जुन्या भिंतीला तो अजिबात मानवत नाही. भिंतीचा श्वास कोंडतो, ओल दुसरीकडून फुटते आणि रंगाचे फुगे येतात. तिने तो पैसा वाचवला.

दुपारी बाराचा फुकट हीटर

आणि आता येते ती आयडिया, जी कुठल्याही परदेशी वेबसाइटवर सापडणार नाही, कारण तिथे आपल्यासारख्या हिवाळी दुपारी नसतात. शिरूर-दौंडच्या थंडीची खासियत म्हणजे सकाळी ९ आणि दुपारी २९! आणि दुपारची ती हवा नुसती उबदार नाही, ठणठणीत कोरडी असते. ३० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता.

२९ अंशांच्या त्या हवेत घनमीटरमागे साधारण साडेआठ ग्रॅम पाणी असतं. आमच्या तळघराच्या हवेत होतं जवळपास चौदा ग्रॅम. म्हणजे बाहेरची हवा आत घेतली आणि आतली बाहेर फेकली, तर प्रत्येक घनमीटर हवा पाच ग्रॅम पाणी घेऊन जाणार. ताशी ५०० घनमीटर हवा फेकणारा साधा एक्झॉस्ट फॅन लावला तर तासाला जास्तीत जास्त अडीच लिटर! शिवाय नऊ अंशांनी गरम असलेली तेवढी हवा स्वतःबरोबर सुमारे १.४ किलोवॅट ऊब घेऊन येते. फॅन खातो चाळीस-पन्नास वॅट. तुम्हीच सांगा, असा हीटर कुठल्या दुकानात मिळतो?

अर्थात, सुरुवातीला ही सगळी ऊब भिंत सुकवण्यातच जाते. आम्हाला पहिले दहा-बारा दिवस काहीच जाणवलं नाही आणि पार्टनरने 'झाली का तुझी पीएचडी?' म्हणून भरपूर पिडलं. मग आर्द्रतेचा काटा उतरायला लागला. ८०, ७२, ६५... साठच्या खाली आला तेव्हा २१ अंशांत मी चक्क स्वेटर काढून बसले होते. मागच्या झरोक्यात फॅन, समोर जिन्यातून हवा आत, वेळ दुपारी बारा ते चार. रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ अडवायला जिन्याच्या दाराला बारीक जाळी. एक काळजी मात्र घ्या. हवा आत येण्याच्या वाटेवर जनरेटर नको. लाइट गेली की हार्डवेअरवाले दादा त्यांचा छोटा जनरेटर जिन्याच्या तोंडाशी ठेवायचे. त्याचा धूर म्हणजे पुन्हा तोच कार्बन मोनॉक्साइड. दादांना सांगितल्यावर त्यांनी तो लगेच मागच्या मोकळ्या जागेत हलवला.

तरीही सकाळचं काय?

सकाळी साडेआठ ते दहा थंडी वाजतेच. दहानंतर तीन माणसं आणि तीन कॉम्प्युटर मिळून निम्म्या हीटरएवढी ऊब स्वतःच तयार करतात, त्यामुळे प्रश्न फक्त त्या दीड तासाचा. इथे शेवटी हीटरची पाळी आली.

दुकानदार काहीही सांगू दे, रॉडचा हीटर, ब्लोअर, हॅलोजन, तेलाचा रेडिएटर, सगळे एका युनिटमध्ये तेवढीच उष्णता देतात. 'कमी विजेत जास्त ऊब' ही जाहिरात वाचली की पान उलटा. फरक सुरक्षिततेचा. लाल तापणारी दांडी टेबलाखाली ठेवली की ओढणी, कागद, बॅगेचा पट्टा, काहीही पेट घेऊ शकतं. ब्लोअर आधीच धूळ भरलेल्या जागेत आणखी धूळ उडवतो. तेलाच्या रेडिएटरमध्ये उघडी तार नाही, ज्वाळा नाही, आवाज नाही. तापायला वेळ घेतो, पण बंद केल्यावरही ऊब देत राहतो. (तेल कधी बदलायचं, हा प्रश्न मला तिघांनी विचारला. बदलायचं नसतं, ते सीलबंद असतं!) फक्त त्यावर ओला टॉवेल वाळत घालायचा मोह टाळा.

हीटर घेण्याआधी मी वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी आमचा एक्स्टेन्शन बोर्ड हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, "ताई, ह्याच्यावर हीटर लावला ना, तर हीटर नाही, बोर्ड तापेल." दोन हजार वॅट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर, आणि आमचा बोर्ड सहा अँपिअरचा. मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवणारे ते कन्व्हर्टर मिळतात ना, तेही याच कामाला नकोत. काकांनी मीटरपासून जाड वायर ओढून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट दिला, फरशीपासून कमरेच्या उंचीवर, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. ओल्या जागेत करंट गळला तर तो क्षणात वीज तोडतो. काकांची मजुरी धरून हा खर्च हीटरच्या निम्मा झाला. पण यात काटकसर करायची असेल तर हीटरच घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायांसाठी टेबलाखाली शंभरेक वॅटचं हीटिंग पॅनल मिळतं. खोली तापवण्याऐवजी माणूस तापवायचा, ही कल्पना जुनीच. जपानी लोक टेबलावर रजई टाकून खाली हीटर लावतात, त्याला कोतात्सु म्हणतात. पूर्वी तिथे कोळसे असायचे, आता विजेवर चालतो. काश्मिरी माणूस फेरनच्या आत कांगडी धरतो. कांगडीत निखारेच असतात, त्यामुळे ती आयडिया तेवढी उचलू नका.

दौंडच्या मैत्रिणीने मात्र वेगळा रस्ता धरला. जागा स्वतःची, प्लॉटरच्या कागदाला ओल अजिबात चालत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये दौंडला काय होतं ते दौंडकरांना विचारा. तिने हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी घेतला. हा एसी उष्णता तयार करत नाही, बाहेरची उष्णता आत ओढून आणतो, म्हणून एका युनिटमध्ये तिपटीच्या आसपास ऊब देऊ शकतो. बाहेर बर्फ नसून १०-१५ अंश असतात, त्यामुळे आपल्याकडे तो आरामात चालतो. पावसाळ्यात ड्राय मोड. एक खाचखळगा आहे. उन्हाळ्या-पावसाळ्यात एसीचं पाणी बाहेर काढायचं तर ते तळघरातून वर चढवायला हवं, त्यासाठी छोटा ड्रेन पंप लागतो. इन्स्टॉलेशनवाला हे सांगत नाही, तुम्हीच विचारा. आणि वर स्वयंपाकघर आहे, आजी आहे, शेगडी आहे, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावला, बसल्यावर नाक येतं त्या उंचीला. धुराचा अलार्म वेगळा, तो हे काम करत नाही. घेताना एवढंच बघा.

आणि जिना! जुलै २०२४ मध्ये दिल्लीत राजेंद्रनगरच्या एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी घुसलं आणि तिथे अभ्यास करणारे तीन विद्यार्थी बुडून गेले. आपल्याकडेही तळघरात अभ्यासिका असतात, क्लास असतात. पाणी असो, आग असो की वायू, वर यायची वाट एकच असते. म्हणून हीटर जिन्याच्या पायथ्याशी कधीच ठेवायचा नाही. तो खोलीच्या आतल्या टोकाला, आणि आपण तो आणि जिना यांच्या मध्ये. शटर पूर्ण ओढून आत काम करायचं नाही, कितीही गार वारा येऊ दे. आमच्या मंजूर नकाशात ती जागा गोडाऊन आहे की ऑफिस, हेही आम्ही काकांकडून कागदावर बघून घेतलं. तुम्हीही बघा, डिपॉझिट देण्याआधी.

आणि समजा कुणाला खाली भोवळ आलीच, तर शेगडी शोधत बसू नका. बाहेर या, १०८ ला फोन करा. एकटे पुन्हा खाली उतरू नका. पेवात दुसरा माणूस असाच जायचा.

आमच्याकडे रेडिएटर आता सकाळी दीड तास चालतो, दिवसाला सव्वादोन युनिट. काकांना एक्झॉस्ट फॅनचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी मंगल कार्यालयाच्या भांड्यांच्या खोलीतही एक बसवला. जूनमध्ये मात्र हे सगळं उलटं करायचं. तेव्हा बाहेरची हवाच दमट असते, ती गार भिंतीला लागली की पाणी सुटतं. पहिला पाऊस पडला की दुपारचा फॅन बंद, झरोक्याला झडप आणि कोपऱ्यात डीह्युमिडिफायर. त्याची टाकी दर संध्याकाळी रिकामी करायची पाळी आम्ही आत्ताच ठरवून ठेवलीये. सोमवार माझा.